कागदाची खळ आणि स्मृतीचे आयुष्य

आमच्या घराच्या ओटीवर दोन तसबिरी शेजारी शेजारी टांगलेल्या आहेत. पहिली आजोबांची, सत्तर वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावी काढलेली, कृष्णधवल, आणि आजही त्यांच्या पागोट्याची घडी न् घडी मोजता यावी इतकी स्वच्छ. दुसरी वडिलांची, त्यांच्या पश्चात शहरातील एका दुकानातून इंकजेट यंत्रावर चकचकीत कागदावर छापून आणलेली, आणि काचेवर उजेड पडला की चेहरा दिसत नाही म्हणून आम्हीच बिनकाचेच्या चौकटीत बसवलेली. ती घरात आली त्या दिवशी तिच्या तेजापुढे आजोबांची तसबीर फिकी वाटली होती. परंतु पाच-सहा पावसाळे उलटले, वडिलांच्या सदऱ्याचा निळा रंग हळूहळू मावळत गेला, आणि एके दिवशी देवाला फुले वाहून परतताना आई त्या तसबिरीपुढे थबकली व म्हणाली, "यांचा चेहरा असा तांबूस का दिसायला लागला रे?"

त्या साध्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. पुढे वाचून, जाणकारांना विचारून जे समजले ते येथे मांडण्याचे कारण एवढेच, की हा प्रश्न केवळ आमच्या ओटीपुरता नाही. ज्या समाजाच्या लग्नांची, मुंजींची आणि मृतांची चित्रे, मुलांची गुणपत्रके आणि जमिनीचे उतारे आज इंकजेट यंत्रातून बाहेर पडत आहेत, त्या समाजाला हे ठाऊक असले पाहिजे की छापलेल्या गोष्टीचे आयुष्य जितके शाईवर तितकेच कागदावरील एका लेपावर अवलंबून असते; आणि तो लेप कोणता आहे हे विचारण्याचा व जाणण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला असला पाहिजे.

दौत-टाकाने लिहिलेल्या पिढीला टीपकागद म्हणजे काय हे सांगावे लागत नसे. त्यावर अक्षर काढू गेले की शाई चहूकडे फुटून अक्षराचा डाग होई. कारण कागद म्हणजे मुळात वनस्पतींच्या तंतूंचे जाळे, आणि त्या तंतूंमधील सूक्ष्म वाटांनी पाणी आपोआप ओढले जाते. लिहिण्याचा कागद आणि टिपण्याचा कागद यांत फरक पडतो तो खळीमुळे. आपल्याकडील कागदी ही गोष्ट शतकानुशतके जाणत होते. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरात जुने दोर, गोणपाट आणि चिंध्या चुन्यात मुरवून, कुटून कागद केला जाई, त्याला गव्हाच्या वा तांदळाच्या खळीचा हात दिला जाई आणि मग गुळगुळीत दगडाने तो घोटला जाई. त्या घोटीव पृष्ठावर बोरूने काढलेली काजळाची शाई वरच्या वर राही. आत शिरत नसे आणि पसरत नसे. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून ठेवलेले मोडी कागद आज आपण वाचू शकतो, याचे श्रेय जसे कारकुनाच्या वळणदार हाताला आहे तसे त्या अनाम कागद्याच्या खळीलाही आहे.

इंकजेट यंत्राने मात्र हा जुना हिशेब पार उलटा केला. बोरूची शाई दाट होती. इंकजेटची शाई बहुतांशी पाणीच असते, कारण तिला केसाहून बारीक छिद्रांतून तुषारांच्या रूपाने बाहेर पडायचे असते. एका लिटरचे दहा लाख भाग करावेत, त्यांतील एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करावेत, आणि तसे दोन-चार भाग एकत्र करावेत, तेव्हा अशा एका थेंबाचा आकार होतो. असे असंख्य थेंब क्षणार्धात कागदावर पडत असता, त्यांतील पाणी तत्काळ शोषले गेले नाही तर शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात आणि कागद सुरकुततो. आणि पाण्याबरोबर रंगही आत ओढला गेला तर चित्र मलूल होते व मागच्या बाजूस उमटते. म्हणजे या कागदाने पाण्यापुरते टीपकागद व्हायचे आणि रंगापुरते घोटीव कागद व्हायचे, दोन्ही एकाच क्षणी आणि एकाच पृष्ठावर! ही परस्परविरुद्ध मागणी पुरी करण्यासाठीच गेल्या काही दशकांत रसायनशास्त्रज्ञांनी कागदाच्या लेपावर आपली बुद्धी खर्च केली, आणि त्यांचे ते कर्तृत्व खरोखर कौतुकास पात्र आहे.

त्या लेपातील पहिला घटक बहुधा सिलिका असतो. औषधाच्या बाटलीत ओल शोषण्यासाठी जी पुडी घालतात तिच्यातीलच पदार्थ. त्याचा कण आतून इतका सच्छिद्र असतो की एका ग्रॅमच्या पोटात शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग सामावतो. पाणी त्या विवरांत क्षणात शिरते. हे कण कागदाला धरून ठेवणारा दुसरा घटक म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल; इचलकरंजीच्या सायझिंग कारखान्यांना तो परका नाही, कारण ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला जी खळ देतात तीतही तो वापरला जातो. तिसरा घटक सर्वांत मार्मिक. शाईतील विद्राव्य रंगाचा रेणू पाण्यात ऋण विद्युत्भार धारण करतो, आणि कागदाचा तंतूही ऋणभारितच असतो. दोघांत स्वाभाविक जवळीक नाही. म्हणून लेपात धनभारित बहुवारिक मिसळतात, आणि रंगाचा रेणू येताच ते त्याला जागच्या जागी जखडून ठेवते. आपल्या रंगाऱ्यांनी कापडावर मंजिष्ठेचा लाल रंग पक्का बसावा म्हणून जे काम तुरटीकडून करून घेतले, त्याच जातीचे हे काम आहे. साध्या कार्यालयीन कागदांतही हल्ली काहींना कॅल्शियमचा क्षार लावतात. 'कलरलॉक' हे चिन्ह असलेला कागद या प्रकारचा. दुधात लिंबू पिळताच ते जसे फाटते, तसे त्या क्षाराच्या स्पर्शाने शाईतील रंगकण गोळा होऊन पृष्ठावरच थांबतात आणि अक्षर ठसठशीत उमटते.

छायाचित्रासाठीच्या चकचकीत कागदात मात्र दोन निरनिराळी घराणी आहेत, आणि आईच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच दडलेले आहे. एका घराण्याचा लेप जिलेटिनसारख्या फुगणाऱ्या पदार्थाचा: शाई पडली की तो भिजून फुगतो, रंग पोटात घेतो आणि वाळल्यावर त्यावर मिटतो. हा कागद सुकायला वेळ घेतो आणि दमट हवेत चिकट होतो, परंतु मिटलेल्या लेपाच्या आत रंग सुरक्षित असतो. दुसऱ्या घराण्याचा लेप अतिसूक्ष्म सिलिकेच्या किंवा ॲल्युमिनाच्या कणांचा, सच्छिद्र. त्यातील छिद्रे प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान असल्यामुळे तो पारदर्शक व तकतकीत दिसतो, आणि छापलेले चित्र यंत्रातून निघताच हाताळता येते. त्या झटपट वाळण्याचा मोह दुकानदाराला पडला तर नवल नाही. परंतु जी दारे शाईला आत येण्यासाठी उघडी ठेवली, ती नंतर हवेलाही उघडीच राहतात. वाहनांच्या धुरावर ऊन पडून शहराच्या हवेत जो ओझोन वायू तयार होतो, तो त्या छिद्रांतून आत शिरतो आणि डाय शाईतील, म्हणजे विद्राव्य रंगाच्या शाईतील, रंग खाऊ लागतो. त्यातही सायन नावाचा निळा रंग बहुधा सर्वांत आधी बळी पडतो. निळा गेला की मागे उरतात मॅजेंटा आणि पिवळा, आणि त्या दोहोंचे मिश्रण लालसर-नारिंगी दिसते. २००० सालच्या सुमारास परदेशात एका नव्या यंत्राच्या ग्राहकांनी आपली चित्रे काही आठवड्यांतच नारिंगी पडल्याची तक्रार केली, तेव्हा या दोषाची जाहीर चर्चा झाली. आमच्या वडिलांच्या चेहऱ्यावर पसरलेली तांबूस कळा याच जातीची होती. काच लावली असती, किंवा डायऐवजी घन कणांची पिगमेंट शाई वापरली असती, तर तो चेहरा पुष्कळ काळ टिकला असता. आम्हाला हे कोणी सांगितले नाही, आणि विचारावे हे आम्हाला सुचले नाही.

कागदाच्या खळीतील चूक पिढ्यांना भोवते, याचा एक मोठा दाखला इतिहासात नोंदलेला आहे. १८०७ साली मॉरिट्झ इलिग या जर्मन कारागिराने राळ आणि तुरटीवर्गीय क्षार यांची खळ कागदाच्या लगद्यातच मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली. ती स्वस्त होती, यंत्राला सोयीची होती, आणि शाई तीवर उत्तम बसे. म्हणून साऱ्या जगाने ती उचलली. परंतु त्या क्षारापासून ओलाव्यात मंद आम्ल निर्माण होते आणि ते तंतूंना आतून कुरतडत राहते, हे पुरते उमगेपर्यंत शंभर वर्षांहून अधिक काळाचे वाङ्मय त्या कागदावर छापून झाले होते. आपल्या जुन्या ग्रंथसंग्रहालयांत विसाव्या शतकाच्या आरंभीचे एखादे मराठी मासिक उघडून पाहावे. पानाचा कोपरा बोटांत तुटून येतो. त्याहून दीडशे वर्षे जुना जुन्नरी कागद मात्र घडी घातली तरी मोडत नाही, कारण चुन्याच्या अंशाने त्याला आम्लापासून राखले आहे. जी तुरटी रंगाऱ्याची मैत्रीण होती, तीच ग्रंथाची वैरीण ठरली. कोणाच्याही मनात अपकार करावयाचा नव्हता; केवळ आजच्या सोयीचा विचार करताना उद्याचा प्रश्न कोणी विचारला नाही, एवढेच घडले.

तीच उपेक्षा आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडू नये, म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली कागद विकणाऱ्यांकडे. मी दुकानांत पाहिलेल्या बहुतेक पाकिटांवर कागदाचे वजन आणि चकाकीचा प्रकार ठळक असतो. परंतु लेप सच्छिद्र आहे की फुगणारा, तो डाय शाईसाठी आहे की पिगमेंटसाठी, कागद आम्लरहित आहे की नाही, आणि शुभ्रता वाढवणारी जी रसायने कालांतराने निष्प्रभ होऊन कागद पिवळा पडतो ती त्यात आहेत काय, हे त्याच पाकिटावर मराठीतून स्पष्ट लिहावे. शाई आणि कागद यांची परीक्षा जोडीने करावी लागते, हे या विषयाच्या अभ्यासकांना पूर्ण ठाऊक आहे. १९९३ साली रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणावर बृहद्ग्रंथ प्रसिद्ध करणारे अमेरिकन संशोधक हेन्री विल्हेल्म यांची प्रयोगशाळा अशाच जोड्या तपासत आली आहे. ज्ञान उपलब्ध आहे. ते ग्राहकाच्या हाती पोचत नाही, एवढेच उणे आहे.

दुसरी मागणी सरकारदरबारी. जे दस्तऐवज कायमचे जपायचे, मग ते वारसनोंदीचे असोत, नगरपालिकेच्या ठरावांचे असोत वा न्यायालयाच्या निकालांचे असोत, त्यांच्या कागदखरेदीच्या निविदेत सर्वांत कमी दर एवढीच अट नसावी. चिरस्थायी कागदाविषयी आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९४ सालापासून अस्तित्वात आहे. कागद आम्लमुक्त असावा आणि त्यात किमान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटाइतका अल्कलीचा साठा असावा, असे ते सांगते. असा कागद आणि कार्बनयुक्त काळी पिगमेंट शाई ही जोडी अशा दस्तांसाठी अनिवार्य करावी. हा काळा कार्बन म्हणजे जुन्या कारकुनाच्या दौतीतील काजळाचाच सगोत्र. त्याला ऊनही फारसे बाधत नाही आणि ओझोनही.

तिसरी मागणी छायाचित्रांच्या व्यावसायिकांकडे आणि आपणा सर्वांकडे. लग्नाचा आल्बम सोपवताना तो कोणत्या कागदावर, कोणत्या शाईने छापला हे व्यावसायिकाने लिहून द्यावे. आणि आपण ते मागून घ्यावे. भिंतीवरील चित्राला काच असावी, ते उन्हाच्या तिरिपेपासून आणि स्वयंपाकघराच्या धुरापासून दूर असावे. कोकणासारख्या दमट मुलखात फुगणाऱ्या लेपाच्या कागदापेक्षा पिगमेंट शाईचा सच्छिद्र कागद बरा.

यावर कोणी म्हणेल की आता सर्व काही संगणकात जतन होते, कागदाची एवढी चिंता कशाला? संगणकातील साठा उपयुक्त आहे, हे मी अमान्य करीत नाही. परंतु तो वाचण्यासाठी चालू यंत्र लागते, परवलीचा शब्द लागतो, आणि ज्याला तो ठाऊक होता तो माणूस गेला की कुटुंबाची वीस वर्षांची चित्रे एका बंद फोनात अडकून पडतात, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे. कागद मात्र ट्रंकेतून काढला की नातवाला आपोआप दिसतो. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो रास्त आहे. म्हणूनच शिकवणीच्या टिपणांना वा किराणाच्या यादीला महाग कागद लावावा असे माझे म्हणणे नाही. प्लॅस्टिकचा थर असलेला चकचकीत कागद पुन्हा लगद्यात सहज विरघळत नाही, तेव्हा तो जपूनच वापरला पाहिजे. कोणती गोष्ट चार दिवसांची आणि कोणती चार पिढ्यांची, याचा विवेक छापण्यापूर्वी करावा, इतकेच मागणे आहे.

गेल्या महिन्यात वडिलांचे तेच चित्र मी पुन्हा छापून आणले. या वेळी आम्लरहित, चकाकी नसलेल्या कागदावर, पिगमेंट शाईने, आणि पुढे काच लावून. चौकटीत घालण्यापूर्वी मागच्या बाजूस पेन्सिलीने त्यांचे नाव, छापल्याची तारीख, कागदाचा प्रकार आणि शाईचा प्रकार लिहिला. आईने विचारले, "मागे एवढे काय लिहितोस?" मी म्हटले, "पुढे कोणी तुझ्यासारखेच विचारले, तर त्याला उत्तर मिळावे म्हणून."