औंदा तीज नऊ दिवसांचीच करू

जळकोट भागातल्या बंजारा तांड्यांवरच्या याडी-बापूंनो, नायक-कारभाऱ्यांनो आणि पुण्या-मुंबईकडे पोट भरायला गेलेल्या भावांनो,

श्रावण तोंडावर आलाय, म्हणून आताच सांगतो. अलीकडे बऱ्याच ठिकाणी तीज एका संध्याकाळीच उरकते. डीजे लागतो, पोरी फेटिया-कांचळी घालून नाचतात, फोटो निघतात, सकाळी मांडव सुटतो. मजा येते, नाही म्हणत नाही. पण त्यात गाणी कुणाला पाठ होत नाहीत.

तीजेचं काम मुळात सावकाशीचं. नायकाची परवानगी घ्यायची, माती-शेणखत भरलेल्या टोपल्यांत गहू पेरायचे, आणि मग लग्न न झालेल्या पोरींनी रोज पाणी घालायचं, तेही गात गात. एखादी म्हातारी ओळ टाकते, पोरी उचलतात, चुकलं की म्हातारी डाफरते. बोरीच्या काट्यांना भिजवलेले हरभरे टोचायच्या दिवशी पोरं मुद्दाम फांदी हलवतात, काटा बोटात शिरतो, आणि शिव्याही आपल्या गोरबोलीतच निघतात. नऊ दिवस हे चाललं की पोरगी निम्मी बोली त्यातच शिकते.

दुसरी गोष्ट वेळेची. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे जातात. १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची जयंती येते, पुढे होळीची लेंगी येते, तेव्हा बरीच माणसं कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असतात. तांडा भरलेला सापडतो तो पावसाळ्यातच.

उसाचा विषय निघालाच आहे तर ओकिनावाचं सांगतो. जपानच्या दक्षिणेची ही बेटं. १८७९ मध्ये जपानने त्यांचं राज्य खालसा केलं. पुढे शाळेत घरची बोली बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. १९०० साली तिथले मजूर हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांत गेले, मागून आणखी गेले. परमुलखात त्यांनी आपापल्या गावाच्या नावाने मंडळं काढली, तीन तारांचं सानशिन आणि एइसा हा ढोलनाच जपला. महायुद्धात ओकिनावा बेचिराख झालं, तेव्हा हवाईतल्या याच लोकांनी वर्गणी काढून १९४८ मध्ये साडेपाचशे डुकरं बोटीने गावाकडे धाडली. डुकरं म्हणजे तिथलं पशुधन, हसू नका. नाच टिकला, पण बोली मात्र घसरली. २००९ मध्ये युनेस्कोने ती धोक्यातल्या भाषांत धरली.

आपल्या पोरांच्या गळ्यात पाटी नाही. पण वर्गात कुणी बोलीला फिदीफिदी हसलं की पोरगं घरी येऊन मराठीच बोलायला लागतं, आणि आपल्यालाही त्याचं कौतुक वाटतं. मराठी यावीच, तिच्यावाचून चालत नाही. पण याडीशी मराठीत बोलायची गरज काय? २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी, म्हणजे आपलीच बोली, बोलणारे बत्तीस लाखांच्या वर भरले, आणि मोजले गेले हिंदीच्या खात्यात. सरकारदरबारी ही अवस्था, तर बोली घरात तरी राहू द्या.

तेव्हा आषाढातच नायक-कारभाऱ्यांनी बैठक घ्यावी. तीजेचं मंडळ बायकांच्या हाती द्यावं; गाणी त्यांना येतात, आपल्याला नुसता माईक धरता येतो. डीजेचे पैसे वाचतील ते लांबच्या लेकीबाळींच्या एसटी भाड्याला द्यावेत. पोरांनी म्हाताऱ्यांची गाणी त्यांना विचारून मोबाइलमध्ये भरून घ्यावीत, गाणारीचं नाव आणि तांडा सुरुवातीलाच बोलून ठेवावा. शेवटच्या दिवशी शाळेचे गुरुजी आणि गावातले शेजारीपाजारी यांना आवर्जून बोलवा. ज्यांना येणं जमत नाही, त्यांनी बांधकामावरच्या पालापुढे एक टोपली मांडली तरी चालेल. संध्याकाळी फोन लावून इकडच्या गाण्यात सूर मिसळा.

आणि टोपल्या बुरुडाकडे आताच सांगून ठेवा. ऐनवेळी प्लास्टिकची घमेली घेऊन बसायची पाळी येते, त्यात पाणी तुंबतं आणि गहू कुजतात.