मनाई झाली म्हणून मालकी गेली काय?

कोष्ट्यानें विणलेलें लुगडें नाक्यावर अडविलें, तर तें बाजारांत विकतां येणार नाहीं हें त्याला कळतें. पण अडविलें म्हणून तें त्याचें राहिलेंच नाहीं, वाटेल त्यानें उचलून न्यावें, असें नाकेदार म्हणूं लागला तर? चीन देशांत सन २०१० पर्यंत चित्रपटांचा कायदा असाच होता.

तेथें सरकारी तपासणीवांचून चित्रपट पडद्यावर येत नाहीं. उत्पन्नांत वांटा घेणारे परदेशी चित्रपट वर्षाला किती यावे हेंही ठरलेलें. आधीं २० होते, सन २०१२ च्या करारानें ३४ झाले. घर त्यांचें, दारही त्यांचें. त्याबद्दल आमचें भांडण नाहीं. परंतु सन १९९० च्या कॉपीराइट कायद्याचें चवथें कलम असें होतें कीं, ज्या कृतीच्या प्रसारास कायद्याची मनाई, तिला या कायद्याचें संरक्षण नाहीं. म्हणजे चित्रपट तपासणींत नापास झाला कीं त्याला धनी उरला नाहीं! चोरट्या तबकड्या गल्लींत विकल्या जात. विकणारास सरकार दुसऱ्या नियमाखालीं पकडीलही, पण धन्यानें कोणत्या हक्कानें दाद मागावी? मनाई पाळणारा उपाशी आणि मोडणारा तुपाशी.

सन २००७ च्या एप्रिलांत अमेरिकेनें जागतिक व्यापार संघटनेकडे फिर्याद केली. सन २००९ च्या जानेवारींत पंचांचा निवाडा आला. चित्रपट दाखवूं न देणें हा राज्याचा अधिकार खरा, पण त्यानें कर्त्याचा हक्क नाहींसा होत नाहीं, असें त्यांनीं सन १८८६ च्या बर्न करारास धरून ठरविलें. थोड्या प्रतींच्या चोरीवर फौजदारी होत नाहीं ही अमेरिकेची दुसरी तक्रार मात्र पुराव्याअभावीं टिकली नाहीं. सन २०१० च्या फेब्रुवारींत चीननें तें वाक्य काढिलें. तपासणी अर्थातच ठेविली.

अमेरिकेच्या धनाढ्य कंपन्यांचा आम्हांस पुळका नाहीं. त्यांच्या पाठीशीं त्यांचें सरकार होतें. पण तेंच कलम चिनी कारागिरालाही लागू होतें. ज्याचा चित्रपट त्याच्याच सरकारनें अडविला, त्यानें जिनिव्हास जावें तरी कसें? तेथें राज्येंच फिर्यादी होतात, माणसें नव्हत. वीस वर्षें त्याचा हक्क कागदावर नव्हता, आणि तो परत आला तोही परक्या सावकारांच्या भांडणांतून.