नाताळचे ताट

गेल्या वर्षी नाताळची सुट्टी संपवून वसतिगृहावर येताना मी डबा भरून करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे आणले होते. वर्गातल्या एका मैत्रिणीने मोठ्या उत्सुकतेने झाकण उघडले आणि ती हिरमुसलीच. "अगं, केक कुठाय? हे तर आमच्या दिवाळीचं!" ती वाईट मनाने बोलली नव्हती. चार करंज्या खाऊनच उठली. पण तिचा तो 'आमच्या' हा शब्द कुसळासारखा माझ्या मनात रुतून बसला. त्याच वेळी उत्तर द्यायला हवे होते, ते सुचले नाही. यंदा घरी जे घडले त्यावरून ते सुचले, म्हणून हा लेख.

आमचे गाव नेवासे तालुक्यातले, प्रवरेच्या पट्ट्यातले, उसाचे. अमेरिकन मराठी मिशन नगरला आले १८३१ साली. 'ज्ञानोदय' नगरहून निघू लागला १८४२ साली. पुढे मिशनचे काम वडाळ्यापर्यंत आणि आमच्या बाजूच्या खेड्यांतूनही पसरले. आमच्या घराण्यात बाप्तिस्मा कोणत्या पिढीत झाला याविषयी आजी आणि चुलत आजोबा यांचे एकमत नाही. पण तेव्हाही घरात चूल होती आणि चुलीवर कढई होती, याविषयी कुणाचेच दुमत नाही. केकला भट्टी लागते. भट्टी शहरात, आणि आम्ही खेड्यात. तेव्हा आनंदाचा दिवस आला की महाराष्ट्रातली कोणतीही बाई जे करील तेच आमच्या पणजीने केले. तिने खोबरे किसले.

आणि सणाला कोणता पदार्थ हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? बेथलेहेमात ना केक होता ना करंजी. मेक्सिकोत नाताळला मक्याच्या पिठाचे तमाले करायला सारे घर एकत्र बसते. पोलंडमध्ये खसखस भरलेली गोड पोळीसारखी गुंडाळी करतात. गोव्यात तर आमचीच करंजी नेवरी होऊन नाताळच्या ताटात बसते, आणि तीच नेवरी तिथल्या हिंदू घरांत चवथीला गणपतीपुढे असते. शहरातले आमचे काही ख्रिस्ती बांधवही फराळाला नाके मुरडतात, हे जुने झाले म्हणतात. त्यांना माझे एवढेच म्हणणे आहे की रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत आणले, ते आपण टाळ वाजवून आजही म्हणतो. मग करंजीने काय घोडे मारले?

हे झाले मैत्रिणीला उत्तर. पण खरा वाद पुढेच आहे आणि तो घरातला आहे.

आमचे घर मोठे. आजी, दोन चुलते, एक चुलत आजोबा, त्यांची मुले-सुना धरून एकोणीस माणसे. त्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. यंदा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला कंपनीत कामाला असलेला माझा चुलतभाऊ घरी आला, आणि रात्री जेवणे झाल्यावर त्याने विषय काढला. "आजी, एवढा राडा कशाला करायचा दरवर्षी? बेकरीतून केक आणू, मिठाईचे खोके घेऊ, घरोघर एकेक देऊन टाकू. पैसे मी देतो." दादाचा जीव मोठा आहे, आणि त्याचे म्हणणेही खोटे नव्हते. मी आईकडे पाहिले. तिचा चेहरा हलका झाला होता, हे मला कबूल केले पाहिजे.

तो राडा म्हणजे काय ते सांगते. पाच किलो रवा-मैदा. त्यात कडकडीत तुपाचे मोहन घालून दुधात भिजवायचा, आणि मऊ होईपर्यंत वरवंट्याने कुटायचा. खोबरे किसायचे, भाजायचे, खसखस भाजायची, वेलदोडे सोलायचे, पिठीसाखर चाळायची. मग पोळपाटांभोवती पाच बाया बसणार. एक लाटी करणार, दोघी लाटणार, एक सारण भरून कातण्याने कापणार, आणि कढईपाशी माझी थोरली काकू, कारण तिच्या हातची करंजी फुटत नाही. केलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकायच्या, नाहीतर वाळतात आणि तेलात उकलतात. सव्वातीनशेच्या आसपास करंज्या होतात. शिवाय शंकरपाळे, शेव, बेसनाचे लाडू आणि चकल्या. दोन रात्री जातात. तेलाच्या धुराने डोळे चुरचुरतात, आणि आईचा उजवा खांदा पुढे आठवडाभर दुखतो.

घरातले पुरुष आणि मुले तेव्हा काय करतात? ते अंगणात असतात. त्यांच्याकडे चांदणी आणि गव्हाणी. बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या दहा कामट्या, पाचापाचांच्या दोन चांदण्या बांधायच्या, टोके एकत्र आवळायची, मध्ये वीतभर काड्यांचे पाच टेकू देऊन पोट फुगवायचे, आणि मग पतंगाचा कागद खळीने चिकटवायचा. काम नाजूक आहे, मी कमी लेखत नाही. गव्हाणीला उसाचे पाचट लागते, ते आमच्याकडे मुबलक. दहा दिवस आधी पत्र्याच्या झाकणात गहू पेरतात, शेजारी घटस्थापनेला पेरतात तसे, म्हणजे नाताळपर्यंत गव्हाणीभोवती हिरवे शेत उभे राहते. जनावरे काळ्या मातीची. मागी लोकांचा उंट करायचे काम दरवर्षी धाकट्या काकांकडे असते, आणि तो दरवर्षी शेळीसारखा दिसतो. चांदणी लिंबाच्या झाडावर चढली की सारी वस्ती मान वर करून पाहते आणि वाहवा करते. करंजी केली कुणी हे मात्र खाताना कुणी विचारत नाही. माझा राग आहे तो इथे.

म्हणून दादाचा खोका मला त्या रात्री पटत आला होता. 'घरचे ते घरचे' असे म्हणणारे बहुतेक वेळा खाणारे असतात, लाटणारे नसतात. आईला दोन रात्री झोप मिळणार असेल तर जाऊ द्या ती करंजी, असे म्हणायला मी तोंड उघडणारच होते. तेवढ्यात आजी बोलली. ती दादाला एवढेच म्हणाली, "पेढं तर ते तवाबी घेत व्हते."

दादाला कळले नाही. मलाही नाही. वडील मात्र खाली मान घालून बसले. नंतर दोन दिवस मी आजीच्या मागे लागले तेव्हा तिने सांगितले.

आजी लग्न होऊन या घरात आली ती १९६८च्या सुमारास. पहिल्याच नाताळला सासूने तिच्या हाती पितळी ताट दिले, वर विणलेला रुमाल, आणि वरच्या आळीतल्या एका घरी पाठवले. आमची माणसे त्या घरच्या शेतात राबत. घरच्या बाई गोड बोलल्या. "ठेव ओट्यावर," म्हणाल्या, आणि ताट मोकळे करून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी त्यांच्या गोठ्यात शेण भरायला गेली. करंज्या गव्हाणीत पडल्या होत्या. "बैलानं निम्म्या खाल्ल्या व्हत्या," आजी म्हणाली. ती रडली नाही, कुणाला काही बोलली नाही. शेण भरून घरी आली.

पुढच्या वर्षापासून आजोबांनी बाजारातून पेढ्यांचा पुडा आणायला सुरुवात केली. तो पुडा मात्र ओट्यावर राहत नसे, आत जाई. दुकानातल्या पेढ्याला जात नव्हती. आमच्या हातच्या करंजीला होती, बाप्तिस्मा होऊन इतकी वर्षे लोटली तरीही. सरकारच्या १९५०च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेला माणूस अनुसूचित जातीत धरला जात नाही. म्हणजे कागदावरून आमची जात गेली, ओट्यावरून गेली नाही.

१९७२च्या दुष्काळात पेढेही नव्हते आणि करंज्याही नव्हत्या. आजी खडी फोडायला जात होती. कामावर मिळालेली सुकडी तिने चार दिवस साठवली आणि नाताळला तिच्या वड्या थापल्या. त्या वर्षी कुणीच कुणाकडे ताट पाठवले नाही. ही हकीकत सांगताना ती हसली, मला हसता आले नाही.

मग वडिलांची शाळा आली. त्या घरचा मुलगा आणि माझे वडील एका बाकावर बसत. तो मुलगा आमच्याकडे येऊन करंज्या खाई आणि जाताना खिशात भरून नेई. खिशाला तेलाचे डाग पडत. ते डाग धुणारी त्याची आई होती, म्हणजे तिला सगळे ठाऊक होते. एका वर्षी तिनेच निरोप पाठवला की यंदा पेढे नकोत, करंज्या पाठवा. आजीने ताट नेले. बाई ओट्यावर आल्या, रुमाल काढला, एक करंजी मोडली आणि आजीच्या समोर उभ्यानेच अर्धी खाल्ली. त्यानंतर गावातल्या बावीस घरांना आमचे ताट जाते. दिवाळीला त्यातल्या कितीतरी घरांची ताटे आमच्याकडे येतात.

गेल्या वर्षी ग्रंथालयातून लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' नेऊन वाचले होते. सोवळे सुटताना त्यांच्या मनाची किती ओढाताण झाली ते त्यांनी लपवलेले नाही. ते वाचताना मला वाटले होते की ही फार जुनी गोष्ट आहे. महात्मा फुल्यांनी घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो १८६८ साली, महाडचे पाणी १९२७ साली. आजीचे ताट त्यानंतर चाळीस वर्षांनी परतले. पाणी आणि अन्न यांवरून माणूस माणसाला जितके लांब ठेवतो, तितके तो शब्दांनी ठेवत नाही.

तर माझे मत असे. खोका देणे सोपे आहे, कारण खोका काही विचारत नाही. आमच्या हातचे तुम्ही खाल का, हा प्रश्न घरी केलेल्या करंजीत असतो, आणि तिचा तुकडा मोडणारा त्याचे उत्तर देतो. आजही गावात दोन घरे अशी आहेत की जिथे आमचे ताट गोड बोलून घेतात आणि आम्ही मुद्दाम चौकशी करीत नाही. अशा काळात आपणच प्रश्न मागे घेऊन खोका पुढे करावा, हे मला मान्य नाही. उलट मैत्रिणीने केक मागितला तेव्हा मी वरमायला नको होते. 'दिवाळीचं' म्हणत तिने चार करंज्या खाल्ल्या, हेच त्या डब्याचे काम होते.

पण हा प्रश्न आईच्या खांद्यावर बसून विचारायचा नाही. हेही माझे मत आहे आणि ते मी आजीसमोर मांडले. घरची करंजी हवी असेल तर सारे घर पोळपाटापाशी बसले पाहिजे. आजीला हे फारसे रुचले नाही. पुरुषांच्या हाताला करंजीची मुरड यायची नाही, असे तिचे म्हणणे. मी म्हटले, ज्या हातांना कामटी नखाएवढी तासता येते त्यांना मुरड का येऊ नये? यावर धाकटे काका उंटाकडे पाहू लागले.

शेवटी तडजोड झाली. करंज्या दोनशेच केल्या. चकल्या गावातल्या बचत गटाकडून विकत घेतल्या, चकलीबद्दल माझा आग्रह नाही. दादाने केकही आणलाच आणि मुलांनी तो पाच मिनिटांत संपवला. खोबरे किसले काकांनी, पीठ कुटले वडिलांनी, आणि दादा कढईपाशी बसला. त्याच्या पहिल्या अकरा करंज्या फुटल्या, सारे सारण तेलात उतरून काळे झाले आणि तेल गाळावे लागले. थोरली काकू शेजारी बसून सूचना देत होती, म्हणजे तिला विश्रांती मिळाली असे म्हणता येणार नाही. फुटलेल्या करंज्या ज्याने फोडल्या त्याच्याच ताटात वाढा, असा आजीने हुकूम केला. आईने मात्र त्या रात्री अंगणात जाऊन चांदणीचा कागद चिकटवला. एक पाकळी वाकडी झाली. ती तशीच वर चढवली.

नाताळच्या दिवशी मी स्वतः नऊ ताटे पोचवली. या वर्षी एक ताट जास्त होते. ऊसतोडणीला पाथर्डीकडची टोळी आली आहे, त्यांच्या कोप्या आमच्या वस्तीच्या मागेच पडल्या आहेत. तिथल्या बाईने ताट घेतले, मुलांना वाटले आणि विचारले, "कसला सण आहे?" मी सांगितले. "बाळ झालं म्हणायचं," ती म्हणाली आणि मुलांचे हात पुसू लागली.

हा लेख देईपर्यंत एकवीस घरांची आणि त्या कोपीचे ताट परत आले आहे. कुणी त्यात साखर घातली, कुणी पेरू, कोपीतून उसाचे दोन कांडे आले. वरच्या आळीतल्या त्या घरचे ताट मात्र अजून आलेले नाही. आजीच्या सासूच्या वेळचे ते पितळी ताट आहे, त्यामुळे फोन केला की ती आधी त्याचीच चौकशी करते. वडील तिला समजावतात की त्या घरच्या सूनबाई मोकळे ताट पाठवायच्या नाहीत, संक्रांत जवळ आली आहे, तिळगुळासाठी थांबल्या असतील.