नाद आणि गोंगाट

इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें गेल्या महिन्यांत पत्र लिहून आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. त्याच्यापाशीं 'माझ्दा एमएक्स-५' नांवाची दोन माणसांची, कापडी छपराची लहानशी स्पोर्ट्स कार आहे. ही जपानी गाडी १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली आणि २०१६ सालीं तिच्या जातीची दहा लक्षावी गाडी कारखान्यांतून बाहेर पडली; यावरून तिच्यावर लुब्ध झालेला आमचा विद्यार्थी कांहीं एकटाच नव्हे, हें वाचकांच्या ध्यानीं येईल. त्याची गाडी दुसऱ्या पिढींतील, म्हणजे वीस वर्षांहून जुनी आहे.

त्याचे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असून सांगलीहून उन्हाळ्यापुरते त्याच्याकडे गेले आहेत. त्यांस कमी ऐकूं येतें. दोन्ही कानांत यंत्रें आहेत. बापलेकांचें बोलणें पूर्वींपासूनच बेताचें. आतां रविवारीं वेल्सच्या डोंगरांकडे फिरावयास जातांना मनांतलें कांहीं बोलून घ्यावें अशी मुलाची फार इच्छा आहे. परंतु हमरस्त्यावर गाडी ताशीं सत्तर मैलांवर आली कीं आंत असा गलबला माजतो कीं वडील निमूटपणें यंत्रें काढून खिशांत ठेवितात आणि बाहेर पाहत बसतात. "गुरुजी, गाडी विकूं, कीं तिच्यांत कापूस कोंबूं?" असा त्याचा सवाल आहे. सप्टेंबरांत वडील परत यावयाचे, तेव्हां उत्तरास उशीर करून चालणार नाहीं.

प्रथम वडिलांच्या कानाचा विचार करूं. बोलण्यांतील अर्थाचा मोठा भार व्यंजनांवर असतो. स्वर ठसठशीत व खालच्या पट्टींतले. क, त, स, श या वर्णांचा विशेष मात्र बहुतांशीं वरच्या पट्टींत, दर सेकंदास दोन हजार कंपनांच्या पलीकडे, आणि तोहि फार क्षीण. उतारवयांत कानाची हीच वरची बाजू आधीं जाते. त्यांत भर अशी कीं, खालच्या पट्टींतला मोठा आवाज वरच्या पट्टींतल्या लहान आवाजास झांकून टाकतो. उलट तितकें घडत नाहीं. सबब गाडीची घुमघुम चालू असली म्हणजे स्वर ऐकूं येतात आणि व्यंजनें बुडतात. म्हातारा माणूस 'काय? काय?' करतो व जवळच्यांस वाटतें कीं याचें लक्ष नाहीं. कानांतलें यंत्र बोलण्याबरोबर गोंगाटहि वाढवितें. तेव्हां वडिलांनीं यंत्र काढलें यांत रुसवा नाहीं व विक्षिप्तपणाहि नाहीं, हें मुलानें गाडीला हात लावण्यापूर्वीं समजून घ्यावें.

आतां गाडी. आम्ही अशी गाडी जन्मांत चालविलेली नाहीं. परंतु आवाज हा विषय कांहीं केवळ मोटारवाल्यांचा नव्हे. आमच्या वैशेषिकांनीं शब्दाची उत्पत्ति तीन प्रकारें मानली आहे: दोन वस्तूंच्या संयोगापासून, त्यांच्या विभागापासून, आणि एका शब्दापासून दुसरा शब्द. नगाऱ्यावर टिपरी पडते तो पहिला, वेळू चिरला जातो तो दुसरा, आणि पाण्यावर लाटेंतून लाट निघावी तसा कानापर्यंत येऊन पोंचतो तो तिसरा. यासच वीचीतरंगन्याय म्हणतात. जुन्या ग्रंथांत मोटारी व विमानें शोधून काढणाऱ्या मंडळींचा आम्हांस तिटकारा आहे, व तसला कांहीं दावा येथें करावयाचा नाहीं. परंतु ही त्रिविध वांटणी टायरच्या आवाजास चपखल बसते हें खरें. टायरच्या नक्षीचे रबरी ठोकळे रस्त्यावर आपटतात हा संयोग. ते रस्ता सोडतांना चिकटलेलें रबर सुटतें आणि खांचेंत कोंडलेली हवा फुसकन् बाहेर पडते हा विभाग. आणि टायर व रस्ता यांमधील निमुळत्या जागेंत तोच आवाज कर्ण्यांतल्याप्रमाणें वाढतो हा तिसरा. शिवाय टायरच्या पोकळींतील हवा दर सेकंदास सुमारें २०० ते २५० कंपनांनीं घुमते, आणि तो घुमारा चाकाच्या आंसांतून थेट गाडीच्या पत्र्यांत चढतो. म्हणजे आवाजास घरांत शिरावयास दोन वाटा: एक हवेंतून फटींच्या द्वारें, दुसरी लोखंडांतून. एका वाटेवरचा पहारा दुसऱ्या वाटेच्या कामीं येत नाहीं.

कापूस कोंबणारे येथेंच फसतात, आणि त्यांच्या फसण्यास डेसिबेलाचें गणितहि कारण होतें. सत्तर डेसिबेलांचे दोन आवाज एकत्र झाले तर एकशेंचाळीस होत नाहींत, त्र्याहत्तर होतात. त्यांतला एक अजिबात बंद केला तरी तीनच डेसिबेल उतरतात. सत्तर आणि साठ मिळून सत्तराहून अर्धा डेसिबेलहि वाढत नाहीं; तेव्हां त्यांतील साठाच्या मागें लागून शंभर पौंड खर्चिले तरी कानास कांहींच कळणार नाहीं. मोठा चोर आधीं धरावा लागतो.

तो कोणता, हें ओळखण्यास यंत्र नको. मागेंपुढें कोणी नाहीं अशा सरळ रस्त्यावर, नेहमींच्या वेगांत असतां, क्लच दाबून इंजिन मंद होऊं द्यावें; जें उरलें तें टायरचें व वाऱ्याचें. रस्त्याचें डांबर बदलतांच जें बदलतें तें टायरचें. रस्ता कोणताहि असो, वेगाबरोबर जें एकदम चढतें तें वाऱ्याचें. आणि उभ्या गाडींत इंजिन फिरवून पाहिलें असतां विवक्षित फेऱ्यांवरच जी छातींत घुमते ती सायलेन्सरची. आमच्या विद्यार्थ्यानें लिहिल्यावरून त्याच्या गाडींत ही शेवटची घुमघुम इंजिनाच्या मिनिटास ३५०० फेऱ्यांच्या आसपास होते, आणि पांचव्या गिअरांत ताशीं सत्तर मैलांवर इंजिन नेमके तितकेच फेरे घेतें. आधींच्या मालकानें मूळचा सायलेन्सर काढून मोठ्या तोंडाचा बसविला आहे, हेंहि पत्राच्या ताजाकलमांत आहे. रोग्यानें मुख्य लक्षण ताजाकलमांत सांगावें, हा अनुभव वैद्यांस नवा नाहीं.

चार सिलिंडरांच्या इंजिनांत प्रत्येक फेऱ्यास दोन स्फोट होतात. ३५०० फेऱ्यांस सेकंदाचे सुमारें ११७ स्फोट झाले. हाच त्या घुमघुमीचा स्वर. याच कंपनसंख्येच्या आसपास लहान गाडीच्या आंतली हवा व सैल पत्रे साथ करूं लागले कीं आवाज असह्य होतो. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे मूळचा सायलेन्सर परत बसविणें. नवा नको, दुसऱ्या गाडीचा उतरविलेला पण न गंजलेला चालेल. तो सोडावयाचा नसेल तर नळीस एक बाजूची, शेवटीं बंद असलेली फांदी जोडतात. लाट त्या फांदींत शिरून बंद टोंकावर आपटून परत येईतों अर्धी लाट मागें पडते. मूळची जेथें उंच तेथें ही खोल, आणि दोघी एकमेकींस खातात. फांदीची लांबी लाटेच्या चवथाईइतकी लागते. साध्या हवेच्या हिशेबानें ११७ कंपनांस ती सुमारें ७३ सेंटिमीटर येते. परंतु तापलेल्या वायूंत आवाज जलद धांवतो, तीनशें अंशांवर हीच लांबी एक मीटरच्या वर जाते. फांदींतला वायु या दोहोंच्या मध्यें कोठें तरी निवलेला असतो, म्हणून कारागीर ती सरकवून जुळवितात. सतारीची खुंटी पिळावी तसेंच हें. त्याच वेळीं नळी टांगणारीं रबरें पाहावीं. वीस वर्षांत तीं दगडासारखीं होतात व सारी थरथर पत्र्यांत उतरवितात. नळीच्या सांध्यांतून धूर गळत असेल तर तो प्रश्न आवाजाचा नसून जिवाचा आहे. तें काम त्याच दिवशीं करावें.

टायरांविषयीं थोडक्यांत. जुनें टायर कडक होतें, झिजतांना करवतीसारखे दांते पाडतें व ओरडतें. बदलतांना शांत जातीचें घ्यावें. युरोपांत २०१२ च्या नोव्हेंबरापासून टायरवर आवाजाचा आंकडा चिकटविलेला असतो, परंतु तो रस्त्याकडेच्या माणसास ऐकूं येणारा, आंत बसलेल्यास नव्हे. रुंद टायरांचा सोस कमी करावा. रस्ता निवडतां येत असेल तर उत्तमच: आमचा मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग काँक्रीटचा आहे, त्यावरून गेलेल्यास टायरचा सूर निराळा सांगावयास नको, उलट हॉलंडांतील बहुतेक हमरस्ते सच्छिद्र डांबराचे केल्यानें तेथें तो सूरच दबतो. आणि सत्तराऐवजी साठ मैलांनीं गाडी चालविली तर टायरचा आवाज दोन-अडीच डेसिबेल व वाऱ्याचा त्याहूनहि अधिक फुकट उतरतो. डोंगर कोठें पळून जात नाहींत.

एवढें झाल्यावर मग आंतलें काम. येथें तीन पदार्थांची तीन निरनिराळीं कामें आहेत, आणि दुकानदार तीं मुद्दाम एकांत एक मिसळतात. ताट जमिनीवर पडलें कीं खणखणतें. त्यावर बोट ठेवलें कीं गप्प होतें. बोटाचें काम करणारी ती डॅम्पिंग शीट. बोटानें सारें ताट झांकावें लागत नाहीं. तसाच पत्र्याच्या मधला चवथाई-तिहाई भाग झांकला तरी बहुतेक फायदा पदरांत पडतो. आवाज अडवावयास भिंत लागते, म्हणजे वजन: दर चौरस मीटरास पांच किलोचा विनाइलचा जड पडदा, तोहि खालीं मऊ फोम घालून, पत्र्यास न चिकटवितां. आणि आंत शिरलेला आवाज शोषावयास गोधडीसारखा पदार्थ, जाड गालिचा किंवा नमदा. विद्यार्थ्यास एका विक्रेत्यानें सबंध गाडी मढविण्याइतके गठ्ठे विकले आहेत. ते सारे लाविले तर हजार-अकराशें किलोच्या गाडींत तिसरा उतारूच बसविल्यासारखें होईल, आणि ज्या चपळाईकरितां ती घेतली ती जाईल. आमच्या मतें बैठकींमागचा कप्पा, मधला उंचवटा व दारांचे पत्रे एवढेंच मढवावें. चार चौरस मीटरांचा पडदा वीस किलोंत आटोपतो. उरलेले गठ्ठे परत करावे.

त्याहीपेक्षां फटी महत्त्वाच्या. भिंतीचा शंभरावा हिस्सा उघडा राहिला तर बाकीची भिंत पोलादाची असली तरी वीस डेसिबेलांपलीकडे आवाज अडत नाहीं. दाराची कांच वर छपराच्या रबरी बीडिंगला नीट टेकते कीं नाहीं, हें कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहावें. सहज निघाली तर कांच थोडी आंत घ्यावी वा बीडिंग बदलावें. मात्र एक बजावून सांगतों: छपराचें पाणी वाहून नेणाऱ्या दोन नळ्या बैठकींच्या मागून खालीं जातात, त्या फटी समजून बुजवूं नयेत. नाहींतर पाणी गालिच्याखालीं मुरतें, कडेचे पत्रे गंजतात आणि आवाजाची चिंता करावयास गाडीच उरत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, असला खटाटोप करण्यापेक्षां मोठी, बंद, शांत गाडी कां घेऊं नये? वडिलांच्या दृष्टीनें प्रश्न रास्त आहे. परंतु मुलाची बाजूहि आम्हांस कळते. या गाडीच्या इंजिनाचा एक स्वतःचा सूर आहे. गिअर बदलतांना कान तो ऐकून हातास सांगतो. तो नाद. बाकीचा गोंगाट. मोठ्या कारखान्यांनीं गोंगाटाबरोबर नादहि असा पुसून टाकला कीं पुढें त्यांस तो उसना आणावा लागला: २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्यें इंजिनाचा आवाज ध्वनिक्षेपकांतून आंत सोडला, आणि २०१२ च्या टोयोटा ८६ मध्यें हवा ओढणाऱ्या नळीचा सूर एका वेगळ्या नळीनें बैठकीपर्यंत आणला. टोयोटाची नळी निदान खऱ्या सुराची. एम५ ची युक्ति आम्हांस घशाऐवजीं तबकडी वाजविणाऱ्या गवयासारखी वाटते.

प्रत्येक उपायाआधीं व नंतर मोजमाप करावें, म्हणजे पैसा कोठें वाया गेला तें कळतें. मोबाइलवरील मापक चालेल, पण त्यांत 'ए' व 'सी' असे दोन हिशेब असतात. 'ए' खालच्या पट्टीस फार कमी लेखतो, म्हणून सायलेन्सरची घुमघुम 'सी' नेंच मोजावी. तोच रस्ता, तोच वेग, तोच गिअर. छप्पर व कांचा मिटलेल्या, पंखा बंद. मोबाइल वडिलांच्या कानाच्या उंचीवर, त्यांच्याच हातीं द्यावा. आंकडे त्यांनीं वहींत लिहावे. ते जिल्हा परिषदेंत चौतीस वर्षें हिशेबनीस होते; या कामास त्यांच्याइतका चोख माणूस बर्मिंगहॅमांत मिळावयाचा नाहीं.