हवेचा तराजू

वाण्याच्या वजनावर सरकारी छाप आहे ना, हे आपण निरखून पाहतो. मग हवा मोजणाऱ्या यंत्राचे काय? ठाण्यात कासारवडवलीला, कल्याणात खडकपाड्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची तशी केंद्रे आहेत. असल्या यंत्रांचीही वरचेवर परीक्षा घ्यावी लागते. वायू मोजणाऱ्या यंत्रात आधी शुद्ध केलेली हवा सोडतात. आकडा शून्य यावा. मग ठाऊक प्रमाणाचा वायू सोडतात. आकडा तेवढाच यावा. धूळ मोजणाऱ्या यंत्रात हवेचा ओघ तपासतात. २००९ च्या मानकांप्रमाणे अतिसूक्ष्म धुळीची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. यंत्र दहाने चुकले, तर ६५ चे ५५ होतात आणि दमेकरी मुलाला आपण खुशाल अंगणात धाडतो. तेव्हा वाचकहो, दिवाळीतल्या हवेचा आकडा वाचाल, तेव्हा यंत्र कधी तपासले होते, हेही विचारा.