वीर म्हणावयाचे आणि वाऱ्यावर सोडावयाचे!

६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर हुती बंडखोरांनी क्षेपणास्त्र डागले. तिघे खलाशी मृत्युमुखी पडले. त्यांतील दोघे फिलिपिन्सचे होते. वाचलेल्यांना भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने बाहेर काढले. जहाजावरचा ध्वज बार्बाडोसचा होता, जहाज चालविणारी कंपनी ग्रीक होती आणि माल चीनहून निघाला होता. मग या साऱ्या व्यवहारात फिलिपिन्सचे काय होते? केवळ माणसे!

जगातील व्यापारी जहाजांना सर्वाधिक खलाशी पुरविणारा देश फिलिपिन्स आहे. हे खलाशी वर्षाकाठी सहा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी धाडतात. त्यांच्या मूळ वेतनाचा किमान ८० टक्के भाग घरी पाठविणे नियमानेच बंधनकारक आहे. या पैशावर देशाची गंगाजळी भरते, आणि म्हणून परदेशी राबणाऱ्या या लेकरांना तेथील राज्यकर्ते ‘नवे वीर’ म्हणून गौरवितात. गौरव अनाठायी नाही. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मनिला ते अकापुल्को धावणारी स्पॅनिश गलबते याच लोकांच्या श्रमावर चालली. मनिलात नाविकशाळा १८२० मध्येच उभी राहिली. रक्तातच दर्या असलेला हा समाज आहे. प्रश्न समाजाचा नाही. त्याच्या नावाने मिरविणाऱ्या शासनाचा आहे.

नाविकाचे सक्षमता प्रमाणपत्र म्हणजे परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा निव्वळ कागद नव्हे. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, ‘या माणसाच्या हाती जहाज सुरक्षित आहे’ असे एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राला दिलेले ते वचन असते. त्या कराराच्या २०१० च्या मोठ्या सुधारणा मनिलातच संमत झाल्या आणि मनिलाच्याच नावाने ओळखल्या जातात. दैवदुर्विलास असा की, त्याच मनिलाचे वचन कसोटीला उतरत नव्हते! युरोपीय सागरी सुरक्षा संस्थेने २००६ पासून तपासण्या केल्या आणि प्रशिक्षण, परीक्षा व देखरेख यांतील दोष पुन:पुन्हा दाखवून दिले. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने प्रमाणपत्रांची मान्यता काढून घेण्याचा इशारा दिला. युरोपीय ध्वजाच्या जहाजांवरील सुमारे ५० हजार फिलिपिनो कप्तान व अधिकाऱ्यांच्या पोटावर पाय येण्याची वेळ आली, तेव्हा कोठे शासकीय यंत्रणा खडबडून जागी झाली. ३१ मार्च २०२३ रोजी मान्यता कायम राहिली आणि मनिलात सुटकेचा नि:श्वास टाकला गेला.

पण हा विजय मानावयाचा काय? मधल्या सतरा वर्षांत ज्या मुलांच्या आईबापांनी जमीन गहाण टाकून शुल्क भरले आणि ज्यांना सदोष शिक्षण मिळाले, त्यांची भरपाई कोण करणार? ‘युरोपचे दडपण’ म्हणून या प्रकरणाकडे पाहणारे एक गोष्ट विसरतात. दोष परक्याने दाखविला म्हणून तो दोष नाहीसा होत नाही. स्वाभिमानी राष्ट्राने तो परक्याने दाखविण्यापूर्वीच दूर केला असता.

याहून विदारक चित्र समुद्रावर पाऊल टाकण्यापूर्वीचे आहे. अधिकारी होऊ पाहणाऱ्या कॅडेटला किमान बारा महिने प्रत्यक्ष जहाजावर प्रशिक्षण घ्यावे लागते. महाविद्यालयांतून हजारो विद्यार्थी बाहेर पडतात. जहाजांवरील जागा मात्र मोजक्याच. त्या जागेच्या आशेने ही तरुण मुले मनिलातील भरती कंपन्यांच्या कार्यालयांत महिनोन्महिने बिनपगारी राबतात. चहा देणे, निरोप पोहोचविणे, लादी पुसणे, प्रसंगी साहेबांच्या घरची धुणीभांडी करणे! नकाशा वाचावयास शिकलेल्या हातांत केरसुणी दिली जाते आणि या वेठबिगारीला ‘युटिलिटी’ असे गोंडस नाव मिळते. वीरांची जडणघडण अशी होत असते काय?

सप्टेंबर २०२४ मध्ये तेथे खलाशांच्या हक्कांची सनद कायद्याने अस्तित्वात आली. तिचे स्वागतच करावयास हवे. परंतु तिच्यातही एक मेख आहे. अपघात वा आजारपणाची भरपाई खलाशाने जिंकली आणि मालकाने अपील केले, तर वादग्रस्त रक्कम पदरात पाडून घेण्यासाठी त्या जायबंदी खलाशानेच आधी हमी द्यावयाची! खलाशांच्या संघटनांनी याला विरोध केला, तो रास्तच होता. ज्याच्यापाशी औषधाला पैसा नाही, त्याने हमी कोठून आणावी?

या कथेकडे भारताने दुरून पाहणे योग्य ठरणार नाही. एके काळी कोकणचे खलाशी ब्रिटिश जहाजांच्या भट्टीत कोळसा ओढत होते आणि अधिकाऱ्याची टोपी मात्र गोऱ्याच्या डोक्यावर होती. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया कंपनी उभारून ‘लॉयल्टी’ लंडनकडे रवाना केली, ती हे जाणून की, केवळ हात पुरविणाऱ्या देशाला समुद्रावर मान नसतो. १९२७ मध्ये मुंबईत ‘डफरिन’ प्रशिक्षण नौका सुरू झाली, तेव्हा भारतीय तरुणाला अधिकारपदाची वाट मिळाली. आज भारतही जगाला खलाशी पुरविणाऱ्या पहिल्या पाच देशांत गणला जातो आणि येथेही परवाना नसलेले दलाल जहाजावरील नोकरीच्या नावाखाली मध्यमवर्गीय पालकांकडून लाखो रुपये उकळतात. खलाशाकडून नोकरीचे शुल्क घेण्यास आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने मनाई केली आहे, हे त्या पालकांना कोणी सांगितलेले नसते.

मनुष्यबळ ही राष्ट्राची संपत्ती आहे, निर्यातीचा माल नव्हे. आपल्या मुलांना परक्यांच्या जहाजावर धाडणाऱ्या राष्ट्राने त्यांच्या हाती खरे शिक्षण, खरे प्रमाणपत्र आणि संकटात खरा आधार दिला पाहिजे. तेवढे होत नसेल, तर निदान त्यांना वीर म्हणण्याचा ढोंगीपणा तरी थांबवावा!