अभिप्राय वहीतील खोडलेल्या ओळी

आपल्या विद्यालयाच्या ग्रंथालयात दारातून आत येताच डाव्या हाताच्या टेबलावर जाड पुठ्ठ्याची एक वही ठेवलेली असते. पुस्तक परत करताना विद्यार्थ्याने तीत आपले नाव, इयत्ता, पुस्तकाचे नाव आणि दोन-तीन ओळींचा अभिप्राय लिहावा, असा जुना प्रघात आहे. अशा वह्या आता बऱ्याच साठल्या आहेत. या स्मरणिकेसाठी ग्रंथालयाच्या वाटचालीवर लेख द्यावा अशी सूचना आली, तेव्हा त्या सगळ्या वह्या कपाटातून काढून मी क्रमाने वाचल्या. वाटचालीचा लेख काही त्यातून झाला नाही. पुस्तकांची संख्या आणि देणगीदारांची नामावली अहवालात आहेच. मला जे सांगावयाचे आहे ते निराळे आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

पहिल्या वहीची सुरुवातीची पाने वाचताना हसू आवरत नाही. राक्षस फार लवकर मेला, अशी तक्रार आहे. चित्रातील हत्तीला पाचच नखे का, अशी पृच्छा आहे. एकाने पुस्तकाविषयी काहीही न लिहिता त्याला ओल लागल्याचे तेवढे नमूद केले आहे, आणि ते खरेच होते. मग एका पानापासून वहीचा सूर बदलतो. ‘हे पुस्तक खूप प्रेरणादायी आहे.’ पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढे तेच. बाबासाहेबांचे चरित्र प्रेरणादायी, सावित्रीबाईंचे प्रेरणादायी, ग्रहताऱ्यांची माहितीही प्रेरणादायी. एका मुलाने तर इसापनीतीतील कोल्ह्यालाही त्याच पंगतीत बसवले आहे. हा शब्द वहीत आला कोठून? इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मी पाने मागे उलटत गेलो. तो मीच आणला होता.

ग्रंथालयाची जबाबदारी माझ्याकडे येऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. सहावीतील एका मुलीने बाबासाहेबांवरील एक छोटी पुस्तिका वाचून लिहिले होते : ‘पुस्तक कंटाळवाणे आहे. हे सगळे आम्हाला जयंतीच्या भाषणात ऐकून माहीत आहे. बाबासाहेब लहानपणी खेळत होते की नाही, ते यात नाही.’ मी ते वाचले आणि संतापलो. ज्यांच्यामुळे आपण या भिंतींच्या आत बसून अक्षरे गिरवतो, त्यांच्या चरित्राला कंटाळवाणे म्हणावे? मी लाल शाईने त्या तिन्ही ओळी खोडल्या, मुलीला सर्वांसमक्ष उभे केले आणि पुन्हा लिहावयास लावले. तिने लिहिले, ‘पुस्तक प्रेरणादायी आहे.’ मी त्याखाली सही केली. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे कोणत्याही मुलाने वहीत स्वतःचे असे काही लिहिलेले नाही. मुले चाणाक्ष असतात. सरांना काय हवे आहे, हे त्यांना एका पानात कळले होते.

या गोष्टीची टोचणी मला लागली ती ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना वाचताना. बाबासाहेबांनी ती १९५६ साली लिहिली. १९५७ मध्ये ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली तीत मात्र ती छापलेली नव्हती. त्यामुळे ग्रंथ घरात असूनही अनेकांच्या वाचनात ती आलेली नसते. तीत त्यांनी आपल्या वडिलांची एक आठवण सांगितली आहे. सुभेदार रामजी मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करवून घेत. जे ग्रंथ ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी गातात आणि शूद्र-अस्पृश्यांच्या अवहेलनेच्या कथा सांगतात, ते आम्ही का वाचावेत, असे लहान भीमरावाने त्यांना विचारले. प्रश्न रामजींना रुचला नाही. असले प्रश्न विचारू नयेत, सांगितले तसे करावे, असे त्यांनी बजावले. काही काळाने मुलाने पुन्हा तेच विचारले. या वेळी रामजींपाशी उत्तर तयार होते. आपण अस्पृश्य गणले गेलेले लोक, मुलांच्या मनात न्यूनगंड रुजण्याचे भय. तेव्हा द्रोण पाहा, कर्ण पाहा, वाल्मीकी पाहा, कोठून निघाले आणि कोठे पोहोचले! म्हणजे रामजींच्या मते ते ग्रंथ, माझाच शब्द वापरायचा तर, प्रेरणादायी होते.

मुलाला त्या म्हणण्यात तथ्य दिसले, पण त्याचे समाधान झाले नाही. महाभारतातील एकही पात्र आपल्याला आवडत नाही, असे त्याने वडिलांना तोंडावर सांगितले, आणि नुसते सांगितले नाही, एकेका पात्राचे नाव घेऊन कारण दिले. रामायणाविषयीही तसेच. त्यावर सुभेदार गप्प राहिले. मुलगा बंड करतो आहे हे त्यांनी ओळखले होते. केळुसकर गुरुजींनी भेट दिलेले बुद्धचरित्र त्याच मुलाच्या हाती पडले. नावडते ते नावडते म्हणण्याची सवय असलेल्या मनाने ते वाचले आणि म्हणूनच ते त्याला आवडले, याला काही अर्थ होता. लष्करी शिस्तीतला, धर्मनिष्ठ, कडक बाप आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचा काळ. तरी त्याने तो अभिप्राय खोडला नाही. मी बाबासाहेबांचे नाव घेणारा शिक्षक, आणि मी खोडला.

केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी काय सांगितले, ते आपल्या मुलांना पाठ आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. सायंकाळच्या वंदनेनंतर आपण हे शिकवतो आणि सकाळी ग्रंथालयात लाल शाई घेऊन बसतो, हे मला अलीकडे फार खटकते.

ती खोडलेली तक्रार खरी होती की नाही, याचाही मी नंतर विचार केला. पूर्ण खरी होती. त्या पुस्तिकेत जन्म, पदव्या, सत्याग्रह, संविधान आणि महापरिनिर्वाण एवढेच होते. बालपण एका परिच्छेदात उरकलेले. मुलीला हवे होते ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ या आठवणींमध्ये १९०१ सालचा साताऱ्याहून वडिलांकडे जाण्याचा प्रवास आहे. नवे सदरे, चमकदार टोप्या, रेशीमकाठी धोतरे, आगगाडीत बसण्याचा आनंद. आणि मग मसूर स्थानकावर जात कळताच स्टेशनमास्तरचा बदललेला चेहरा, बैलगाडी, जवळ भरपूर खाणे असून पाण्यावाचून उपाशी काढलेली रात्र. आमच्या ग्रंथालयात तेव्हा ते पुस्तक नव्हते. आता त्याच्या अनेक प्रती आहेत आणि त्या सदैव मुलांच्या हातात असतात. पाचवीतील एकाने त्यावर एवढेच लिहिले आहे : ‘वडील स्टेशनवर का आले नाहीत? नोकराने चिठ्ठी दिली नाही म्हणून. त्या नोकराला कोणी रागावले का?’ मी हे प्रकरण अनेकदा शिकवले आहे. त्या नोकराकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते.

लाल शाई बंद केल्यावर वही सावकाश पुन्हा बोलू लागली. ‘तोत्तोचान’वर चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे आपली मुले तुटून पडतात. आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा कोणाला आवडणार नाही? पण सहावीतील एका मुलाने नोंदवले, ‘मुख्याध्यापकांनी पहिल्या दिवशी तिचे चार तास ऐकले, हे खरे वाटत नाही.’ (हे वाचून आमच्या शिक्षक-खोलीत बराच वेळ शांतता होती.) दुसऱ्याने लिहिले की शेवट आवडला नाही, लेखिकेने शाळा जाळायला नको होती. मी त्याला बोलावून सांगितले की शाळा लेखिकेने जाळलेली नाही. तोमोए ही टोकियोतील खरीखुरी शाळा होती आणि १९४५ च्या हवाई हल्ल्यात ती बेचिराख झाली. महायुद्धावर आमचे अर्धा तास बोलणे झाले. परत जाताना त्याने आपल्या ओळीखाली भर घातली : ‘तरी आवडला नाही.’ ते वाक्य मी तसेच राहू दिले आहे.

वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ आपल्याकडे अगदी खिळखिळे होईपर्यंत वाचले जाते. प्रवेश मिळालेला असूनही रंग पाहून महाविद्यालयाच्या दारातून परत पाठवलेला कार्व्हर आपल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. घरी आजोबा असतातच. मात्र नववीतील एका मुलीने विचारले, ‘एवढे सगळे सोसून या माणसाला राग कसा येत नाही? मला आला.’ वरवर पाहता हा पोरकट शेरा आहे. पण कार्व्हरला १८९६ साली टस्कीगीला बोलावणाऱ्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सबुरीच्या मार्गावर डु बॉइस यांनी १९०३ साली जी टीका केली, तिचे बीज याच प्रश्नात आहे. आणि १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले ते याच डु बॉइस यांना. मुलीला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिने पुस्तक मनापासून वाचले होते, इतकेच.

खरा वाद झाला तो ‘श्यामची आई’वरून. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले हे पुस्तक मराठी घराघरांत पोहोचले आहे. त्यात मोळी खाली पडलेल्या महार म्हातारीचा प्रसंग आहे. आई श्यामला तिच्या डोक्यावर मोळी चढवून द्यावयास सांगते, आणि घरी येऊन आंघोळ कर असेही सांगते. आपल्या सातवीतील मुलीने लिहिले : ‘आईने मोळी उचलायला सांगितली हे चांगले केले. श्यामने घरी येऊन आंघोळ केली. मग त्या म्हातारीने घरी जाऊन काय करायचे?’

या तीन वाक्यांनी दोन्हीकडचे लोक दुखावले. आपल्या एका ज्येष्ठ हितचिंतकांचे म्हणणे पडले की असले पुस्तक बौद्ध विद्यालयात ठेवूच नये. तर एका सहकाऱ्यांना वाटले की साने गुरुजींसारख्या माणसाविषयी असे लिहिणे कृतघ्नपणाचे आहे, पान काढून टाकावे. दोघांविषयी मला आदर आहे. दोघांचेही मी ऐकले नाही. गुरुजींनी आईचे प्रेम रंगवताना ती आंघोळ लपवली नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. तोच माणूस १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसला. हे सांगावे, पण मुलीचा प्रश्न त्याने पुसला जात नाही. त्या काळच्या चांगल्यातल्या चांगल्या घरातील करुणेलाही विहिरीपाशी येऊन थांबावे लागत होते, हे तिने बरोबर ओळखले. पुस्तक नसते तर प्रश्न निघाला नसता, आणि पान फाडले असते तर पुन्हा कोणी विचारला नसता. पुस्तकही कपाटात आहे, पानही वहीत आहे.

पालक सभेत दोन मागण्या वारंवार होतात, त्यांविषयीही लिहितो. गोष्टीची पुस्तके कमी करून स्पर्धा परीक्षेची वाढवा, ही पहिली. ती पुस्तके हवीतच. आपल्या मुलांनी अधिकारी व्हावे असे मलाही वाटते. परंतु त्यांच्यावर अभिप्राय लिहिता येत नाही. आजवर एकाही मुलाने लिहिलेला नाही. आणि फास्टर फेणेच्या सायकलमागे धावलेले मूलच पुढे जाडजूड ग्रंथाला हात घालते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. दुसरी मागणी अधिक हळवी असते. ‘आठवणींचे पक्षी’सारखी पुस्तके मुलांना देऊ नका, आम्ही ती भूक भोगली, त्यांना कशाला दाखवता? या वेदनेपुढे मी वाद घालत नाही. प्र. ई. सोनकांबळे यांचे आत्मकथन मी आठवीपर्यंत देत नाही. नववीनंतर मागणाऱ्याला नाकारत नाही. एका मुलाने ते परत करताना लिहिले होते, ‘बाबांना विचारले. त्यांनीही असेच दिवस काढले होते, पण मला कधी सांगितले नव्हते.’

माजी विद्यार्थ्यांनी महोत्सवानिमित्त ग्रंथालयाला पुस्तके देण्याचे ठरवले आहे, त्याबद्दल कृतज्ञता आहे. एकच विनंती. एकाच चरित्राच्या पन्नास प्रती आणू नका. तुम्ही स्वतः वाचलेले, आवडलेले किंवा ज्याच्याशी तुमचे भांडण झाले असे एखादे आणा. चित्रांची पुस्तके आणा, प्राण्यांची, यंत्रांची, प्रवासाची आणा. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी आपल्याकडे फारच थोडे आहे.

स्नेहमेळाव्याच्या दोन्ही दिवशी ग्रंथालय उघडे राहील आणि जुन्या वह्या टेबलावर मांडलेल्या असतील. ज्या मुलीच्या ओळी मी खोडल्या ती आता मोठी झाली आहे. ही स्मरणिका तिच्या हाती पडेल की नाही, सांगता येत नाही. लाल रेघांखालची तिची अक्षरे अजून वाचता येतात. त्या पानावर, माझ्या सहीच्या शेजारी, ‘हा अभिप्राय योग्य होता’ असे मी गेल्या महिन्यात लिहून तारीख घातली आहे. ती आलीच, तर त्याखाली पुरेशी जागा आहे.